शेवटच्या प्रवेशाची तारीख

यादीतल्या चारशे बारा नोंदींच्या वेळा दिवसरात्र कशाही विखुरलेल्या होत्या. झोपलेल्या माणसाला कसली आलीय पहाट आणि दुपार. फक्त सुधन्वा ओगले यांची वेळ दरवर्षी कचेरीच्या तासांत पडत होती. या खेपेलाही तसंच. तारीख बरोबर एक वर्षापूर्वीची, वेळ सकाळी अकरा चाळीस.

डॉ. शकुंतला ओगले त्या ओळीकडे पाहत राहिल्या. सुधन्वा त्यांचा थोरला भाऊ. डोक्याला मार लागला तेव्हापासून, नऊ वर्षं, तो याच निद्राकेंद्रात यंत्राच्या आधाराने झोपून होता.

निद्रिस्तांची मनं मेंदूजाळीतून एका सामाईक ‘अंगणात’ उतरत. आत काय चालतं ते बाहेरून दिसत नसे. कोण शेवटचं कधी आलं, तेवढी नोंद होई. वर्षभर प्रवेश नसेल, तर मन उरलं नाही असं धरून, घरच्यांच्या संमतीने यंत्र थांबवायचं, असा नियम होता.

“यंदा यादी मी थेट माहितीसाठ्यातून काढली, मॅडम,” नव्याने आलेले संगणकतज्ज्ञ शिकलगार म्हणाले. “तुम्ही यायच्या आधी.”

“मी दरवर्षी आधी दादाचं खातं उघडून बघते. मग यादी.”

“तेच सांगायचं होतं. खातं कुणी उघडलं, हे हा रकाना विचारत नाही. ते स्वतः आतून उघडोत, की आपण बाहेरून. जुनी तारीख पुसली जाते, नवी बसते.”

“म्हणजे अकरा चाळीसला...”

“तुम्ही होतात.”

“मग तो शेवटचा कधी आला होता?”

शिकलगारांनी चष्मा काढून पुसला. “आता नाही कळायचं.”

ती तारीख आपल्याच हातून बसते, हे शकुंतलाबाईंना तिसऱ्या वर्षीच जाणवलं होतं. तेव्हापासून वेळेचा रकाना त्या वाचतच नसत, नुसती तारीख वाचत. मग वहिनीचा फोन येई. “येऊन गेला ना गं? कचेरीच्या वेळेतच बरा येतो, बहिणीला भेटायला. बायको काय, पडलीय घरी.” दोघी हसत. आणि मुलीकडे कायमचं राहायला जायचं वहिनी आणखी एक वर्ष पुढे ढकलत असे.

“यादी अजून वर पाठवलेली नाही,” शिकलगार दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाले. “मी चहा घेऊन येतो. वेळ लागेल.”

पडद्यावर दादाचं नाव होतं. त्यावर बोट टेकवलं की खातं उघडणार, आणि आजची तारीख बसणार. आणखी एक वर्ष. शकुंतलाबाईंचं बोट पडद्याजवळ गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

फोन वाजला.

“येऊन गेला ना गं?”

त्यांनी हात मागे घेतला.

“नाही, वहिनी. कधीपासून येत नाही, तेही सांगता येणार नाही. ते माझ्याच हातून पुसलं गेलं. आपण दादाचं यंत्र थांबवू या.”