साहेबाच्या चुलीची जोडी

सौंसरच्या उन्हात दिवाणखान्याच्या भिंतीत शेकायला चूल बांधून घेणाऱ्या माणसाला गावाने शहाणा कधीच मानलं नव्हतं. पण तो कापसाच्या जिनिंगचा गोरा साहेब, तेव्हा तोंडावर कोणी बोललं नाही. हिरव्या चकचकीत फरश्यांची चूल, वर संगमरवरी फळी, पुढे पितळी कठडा. थंडी काय ती पौषातल्या चार-सहा सकाळी, पण साहेब दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिच्यापुढे खुर्ची टाकून बसायचा, मग ती पेटलेली असो की नसो. पुढे स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, बंगला वाळवीच्या ताब्यात राहिला, आणि छप्पन सालच्या श्रावणात एकदाचा सामानाचा लिलाव निघाला.

घेणारे थोडे, पाहणारे सगळे. मिठाईवाल्याने संगमरवरी फळी पेढे वळायला घेतली. सोनाराने चुलीचा भाता उचलला. पितळी कठडा एका आजोबांनी नातवाच्या पाळण्याला लावायचा म्हणून नेला. नातू व्हायचा होता. वच्छला भिंतीशी उभी राहून हे सगळं मनात मांडून घेत होती. कोणाला बायकोने पाठवलं, कोण बायकोला न सांगता आला, कोण नुसताच सावलीला उभा. किराणा दुकानदार भगवंतरावांची ही मुलगी. आता मुलींच्या शाळेत शिकवायची, पण माणसं जोखायची सवय बापाच्या गल्ल्यावरची.

मग रामाजी दलालाने एक चमत्कारिक वस्तू वर धरली. हातभर उंच पितळी दांडा, खाली दोन वाकडे पाय, मागे लोखंडी तंगडी, शेंड्यावर फिरकीची गोल मूठ. तशीच दुसरी त्याच्या पायाशी.

“हे काय आहे ते मले विचारू नका,” रामाजी म्हणाला. “पितळ खरं आहे.”

वच्छलाने मात्र पाहताक्षणी ओळखलं. ही तर महालक्ष्मीची अडणी! भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात, त्यांचे मुखवटे अशाच उंच अडणीवर उभे करतात. घरच्या दोन्ही लाकडी अडण्यांना कीड लागली होती आणि आई आषाढापासून तेच घोकत होती. वच्छलाने बोली लावली.

मागून कोणीतरी चढवली.

तिने वळून पाहिलं. बाहेर सर आली होती आणि दारात एक उंचसा तरुण भिजत उभा होता. छत्री होती त्याच्याकडे. पण ती त्याने स्वतःवर नाही, काखेतल्या नकाशांच्या गुंडाळीवर धरली होती. वच्छलाने लगेच नोंद केली... वेंधळा. मग जरा थांबून शेजारी दुसरी केली... पण हातातल्या कामाला जपणारा.

दोन गरजू गिऱ्हाइकं दिसल्यावर रामाजीने डोकं चालवलं. बैलांची जोडी त्याने जन्मात फोडली नसती, ही फोडली. एक वच्छलाच्या गळ्यात पडली, दुसरी त्या भिजलेल्या माणसाच्या.

पाऊस थांबेना, म्हणून दोघांनाही व्हरांड्यात थांबावं लागलं. दोघांच्या कडेवर एकेक पितळी लेकरू.

“तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात?” शेवटी तिनेच विचारलं.

“बसतात ना जी. पण ही मी लाकडं ठेवायले घेतली.”

तो मोरेश्वर, पांढुर्ण्याचा. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, हल्ली सौंसरला नेमणूक. पचमढीच्या डाक बंगल्यात त्याने अशी जोडी पाहिली होती. जळणाची घोडी म्हणायची हिला. दोन बाजूंना दोन घोड्या, त्यांवर लाकडं आडवी, खालून वारा खेळतो आणि धूर कमी होतो. त्याच्या आईचे गुडघे गेले होते. चुलीपुढे बसली की उठायला दोन माणसं लागायची. तिच्यासाठी तो कमरेइतक्या उंचीची चूल बांधणार होता. स्टुलावर बसून रांधता येईल अशी.

वच्छलाने पहिली नोंद खोडली.

“एकाच घोडीवर लाकूड ठेवलं तं?” तिने विचारलं.

“पडते.” मग तोच म्हणाला, “अन् एकाच महालक्ष्मीले पितळी अडणी देली तं?”

“दुसरी रुसते.”

“मंग दोघांचंही फसलं म्हणा.”

“तुमचं जास्त. तुम्ही उगाच चढवली.”

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि केसांतलं पाणी थेट पितळेवर टपकलं... त्याने घाईघाईने बाहीने पुसलं. वच्छला पावसाकडे पाहत राहिली. पाऊस पाहण्यासारखा फारसा नव्हता.

सर ओसरता ओसरता करार झाला. भाद्रपदातले तीन दिवस जोडी सौंसरला, महालक्ष्म्यांपाशी; बाकीचं वर्ष पांढुर्ण्याला, चुलीत.

“कागद करायचा का?” त्याने विचारलं.

“भगवंतरावांच्या घरी शब्द चालतो,” ती म्हणाली.

त्यानंतर ओव्हरसियरसाहेबांना त्या वस्तूची फार काळजी लागली. कधी दोन्हींची उंची सारखी आहे का ते मोजायला यायचा, कधी मूठ फिरते की गंजली ते पाहायला. लोधीखेड्याच्या पुलावरून परतताना वाटेत घर लागतं म्हणून यायचा, आणि घर तर वाटेत मुळीच नव्हतं. वच्छला चहा ठेवायची आणि कारणं मनात जमा करायची. एक कारण दुसऱ्यांदा आलं की सांगायची, “हे झालं. दुसरं आणा.”

“नाही सुचून राह्यलं आज,” तो एकदा म्हणाला. “बिनकारणाचा आलो तं चालते का?”

तिने कप पुढे केला. त्या दिवशी चहात साखर जास्त पडली.

गावात तेव्हा बोलायला एकच विषय होता. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या. नागपूर मुंबई राज्यात चाललं होतं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच, आणि राजधानी लांब भोपाळला. भगवंतरावांच्या दुकानापुढे रोज संध्याकाळी नागपूर उचलून नेल्यासारखी चर्चा व्हायची. सरकारी नोकरांना कुठल्या बाजूला जायचं ते कळवायचं होतं. मोरेश्वरचं वरचं ऑफिस नागपूरला, साहेब नागपूरचा, बढती नागपूरला. कोणीही सांगितलं असतं, हा जाणार.

वच्छलाने विचारलं नाही. राहा म्हणायला तिचा हक्क कुठला... आणि जा म्हणायला जीभ वळत नव्हती.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तो स्वतःची घोडी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. वच्छलाने चिंच लावून दोन्ही घासल्या, त्याने मुठी काढल्या, दोघांनी मिळून मुखवटे बसवले. साडीच्या निऱ्या सारख्या करताना दोघांची बोटं एकाच दांड्यावर आली. कोणी हात पटकन काढला नाही, एवढंच. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. मोरेश्वरने आंबील पुन्हा पुन्हा मागितली आणि पानात कणभर टाकलं नाही. आई नंतर म्हणाली, पोरगा वळणाचा आहे. आईच्या दुनियेत याहून मोठी पदवी नव्हती.

आणि नेमकं आईमुळेच अडलं. विसर्जनानंतर तो ठरल्याप्रमाणे जोडी न्यायला आला, तेव्हा ती दोन्हींसमोर हात जोडून उभी राहिली. जिच्यावर देवी उभी राहिली ती वस्तू राखेत घालायची? तिच्या मनाला ते पटेना. करार तिला माहीत नव्हता असं नाही, पण देवी उभी राहिल्यावर तिचं मन फिरलं.

वच्छलाने मोरेश्वरकडे पाहिलं. आता हा बोलेल. शब्द देलता म्हणेल, निदान स्वतःची तरी मागेल. तिने त्याची बाजू घ्यायची तयारीसुद्धा केली होती.

“मंग राहू द्या दोन्ही इथंच,” तो शांतपणे म्हणाला. “आईचं पाहतो मी काहीतरी.”

ती दारापर्यंत गेली. जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते तिथे निसटलं. “नागपूरचं काय ठरलं तुमचं?”

“कागद पाठवला. उत्तर आलं की सांगतो.” चपला घालताना तो उगाच वेळ लावत होता. मग निघाला.

वच्छलाने दुकानात एक गोष्ट पुष्कळदा पाहिली होती. ज्याला परत यायचं असतं ते गिऱ्हाईक घासाघीस करतं, भांडतं, पुढच्या खेपेची धमकी देतं. जो मुकाट सगळं सोडून जातो, तो गाव सोडून चाललेला असतो. आईच्या चुलीसाठी घेतलेली वस्तू ज्याने अशी सोडली, त्याला आता चूल बांधायचीच नव्हती. हिशेब साफ होता. रात्री उशीवर तो कितीदा ताडून पाहिला तरी चुकत नव्हता.

दसरा गेला. तो आला नाही, कारण आलं नाही. कोणी म्हणालं, काम पांढुर्ण्याकडे लागलं. कोणी म्हणालं, नागपूरला गेला. दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आलं. शाळेला सुट्टी लागली, आणि एका सकाळी वच्छलाने दोन्ही घोड्या पोत्यात घातल्या.

आई आडवी आली. वच्छला म्हणाली, “यातली एक दुसऱ्याची आहे, आई. दुसऱ्याच्या वस्तूवर पुढच्या वर्षी तुझी देवी उभी राहीन का?”

“मंग त्याची एक ने.”

“अन् दुसरी रुसली तं?”

आईने लेकीच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग पोत्याचं तोंड सुतळीने बांधून दिलं.

बसमध्ये पोतं मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पितळ गुडघ्यावर आपटत होतं आणि वच्छलाचा राग पक्का होत होता. मोहगाव मागे पडलं, पुढे संत्र्याचे बगीचे लागले, बसमध्ये कोणीतरी सोललेल्या संत्र्याचा वास पसरला. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. आम्हाले कोणाचं ठेवून घ्यायची सवय नाही. एवढं बोलायचं, पोतं ठेवायचं, परतीची बस धरायची.

पांढुर्ण्याला स्टेशनकडच्या आळीत घर सापडलं. दार उघडंच होतं, आणि आतून धूर येत होता.

धुरात एक म्हातारी स्टुलावर बसून भाकर थापत होती. समोर कमरेइतकी उंच चूल, नवीकोरी, गिलावा अजून पांढरट. लाकडं विटांच्या तुकड्यांवर कशीबशी टेकवली होती. आणि दोन्ही कडांना, मुद्दाम सोडलेल्या दोन खाचा. रिकाम्या.

“मास्तरीणबाई का?” पोत्यातल्या पितळेचा खणखणाट ऐकून म्हातारी न वळताच म्हणाली. त्या गुणवंताबाई, मोरेश्वरच्या आई. “ये माय. पोतं ठेव खाली, जड असन.”

“तुम्हाले कसं...”

“मी म्हणतो ह्या खाचा बुजव, धूर होऊन राह्यला. तं हा म्हणते, राहू दे, घोडी येणार आहे. देवीची करून टाकली म्हणे त्यायनं, पण येईन. मले तं वाटून राह्यलं, याले घोडीची वाट नाही, घोडीवालीची आहे.”

वच्छलाचं पाठ केलेलं वाक्य धुरात कुठेतरी गेलं. तेवढ्यात मागच्या दाराने मोरेश्वर आला, हातात जळणाचा भारा. तिला पाहून भारा तिथेच सुटला.

“परत द्यायले आली मी,” ती म्हणाली.

“परत काहून? मी तं सोडून देलती.”

“त्याचाच राग आहे.” आता तिला थांबता येईना. “भांडले नाही, मागितली नाही. जो असा मुकाट सोडते, तो गाव सोडते. एवढं कळते मले. नागपूरले जायचं होतं तं सांगून जायचं होतं.”

“कोण चाललं नागपूरले?” त्याने भिंतीवर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशाकडे हात केला. “कालच कागद आला. इकडंच राह्यलो. आज संध्याकाळच्या बसनं सांगायलेच येणार होतो.”

“अन् तेव्हा भांडले काहून नाही?”

मोरेश्वरने खाली पडलेली लाकडं गोळा करायला घेतली. एक उचललं, पुन्हा ठेवलं.

“तुमच्या आईशी भांडून घोडी जिंकलो असतो,” तो म्हणाला, “तं पुढचं मागायले कोणत्या तोंडानं आलो असतो?”

चुलीवरची भाकर करपत होती. गुणवंताबाईंनी ती करपू दिली.

वच्छलाने इतक्या दिवसांचा हिशेब पुन्हा पाहिला. सगळे आकडे तेच होते. तिने ते फक्त उलट्या बाजूला मांडले होते. तिला हसू यायला लागलं, आणि ते लपवायला पोतं उघडण्याचं निमित्त पुरेना.

“पण आई म्हणते,” ती खालमानेने म्हणाली, “देवीची वस्तू राखेत...”

“चूल का देवी नाही?” गुणवंताबाई म्हणाल्या. “सकाळी उठून पहिले हात मी तिलेच जोडतो. भादव्यात चिंच लावून घासजो, अन् ने महालक्ष्म्यांपाशी. मीच सांगतो तुह्या आईले, दोघी म्हाताऱ्या समजून घेऊ.” मग त्यांनी प्रथमच वळून तिच्याकडे नीट पाहिलं. “घोड्यांचं झालं. तुहं काय?”

वच्छलाने आपली घोडी उचलली आणि डावीकडच्या खाचेत बसवली. अगदी बरोबर बसली. कोणीतरी कारणं काढून काढून मापं घेतली होती. दुसरी तिने मोरेश्वरच्या हातात दिली, पण आपला हात काढला नाही.

“शब्द देला तोच,” ती म्हणाली. “भादव्यातले तीन दिवस सौंसरले.”

“अन् बाकीचं वर्ष?”

“ठरलं होतं ना... व्हरांड्यात.”

दोघांनी मिळून दुसरी घोडी बसवली, वर लाकूड आडवं ठेवलं. खालून वारा आला, जाळ सरळ उभा राहिला, धूर हळूहळू विरत गेला. धूर गेल्यावरही गुणवंताबाई पदराने डोळे पुसतच राहिल्या, आणि मग पोराला म्हणाल्या की उभा काय राहिला, भगवंतरावांकडे जायला बस किती वाजता आहे ते विचारून ये. आणि जागा तीन धर.