दादाला काहीच होत नाही

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. मित्राच्या घरातली गोष्ट... पण राहवेना.

त्या संध्याकाळी आईने नेहमीसारखं त्याचं ताट समोर आदळलं. दोन वर्षं हेच! बाबांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, आईने त्यांना शपथ घातलेली, आणि महिन्याभरात कपाटामागे सिगारेटी सापडल्या. आईचा पांढराफटक चेहरा बघून हा बोलून गेला, "माझ्या आहेत." बाबा गप्प राहिले. तेव्हापासून आई त्याच्याशी कामापुरतीच बोलायची.

आज मात्र त्याने ताट बाजूला सारलं. शाळांमधून मुलांच्या तंबाखूची पाहणी होते ना, तिचे आकडे भरायचं आमच्या ऑफिसात त्याचं काम. मुलं फॉर्मवर नाव घालत नाहीत, लिफाफा बंद करून देतात. धाकट्या बहिणीच्या, चिमणीच्या वर्गाचा लिफाफा नियमाने दुसऱ्याकडे द्यायचा. त्याने दिला नाही! आणि एका फॉर्मवर, 'पहिली सिगारेट का ओढली?' याच्यापुढे लिहिलेलं... 'दादा ओढतो. त्याला काहीच होत नाही.'

वर्गात चाळीस मुलं. दादा काय एकट्या चिमणीलाच आहे? अक्षर तिचं वाटत होतं, आणि नव्हतंही. विचारावं तर मुलांना दिलेला शब्द मोडतो, न विचारावं तर... त्याला वाटलं, आईला जपायला खोटं बोललो, की बहिणीला खड्ड्यात ढकलायला?

"आई," तो एकदम म्हणाला, "मी आयुष्यात एकदाही ओढलेली नाही गं."

"मग त्या काय उंदरांनी आणून ठेवल्या?"

तेवढ्यात बाबांना खोकल्याची उबळ आली, ती थांबता थांबेना... "माझ्या होत्या," ते कसेबसे म्हणाले. "अजूनही ओढतो. पोराच्या आड लपलो गं मी!"

आईने उठून लेकाचं डोकं छातीशी धरलं. "दोन वर्षं, मेल्या! एकदा तरी उलटून बोलायचंस!"

"तू ओढतच नव्हतास?" चिमणी पुटपुटली आणि उठून आत गेली. दाराआडून हुंदका आला. आईसाठी? त्याच्यासाठी? की... त्याला काही कळेना. अजूनही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. तो लिफाफा आता माझ्या टेबलावर आहे. पुढच्या वर्षीचाही माझ्याकडेच येणार. मी त्याला शब्द दिलाय, एकही फॉर्म न गाळता आकडे भरीन, आणि त्या वर्गातल्या कोणी काय लिहिलं ते त्याने कितीही विनवलं तरी सांगणार नाही.