उसन्या आवाजाची

मनी बोलत का नाही, या एका काळजीनं तिच्या आईची झोप उडाली होती. मोठा भाऊ, दादा, देवाघरी गेल्यावर आठवडाभर पोर बोलत होती, त्याला शोधत होती. मग एका सकाळी गप्प झाली ती झालीच. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. बालसंगोपनाची जाडजूड पुस्तकं तिनं पालथी घातली; आपण आई म्हणून नापास, एवढंच त्यांतून नीट कळलं.

जानेवारीतली शेवटची रात्र. दिवे गेलेले. पुतण्यांनी सासऱ्यांना घेरलं होतं. मनी तिच्या मांडीवर.

"अप्पा, मुलांना भुताखेतांचं नका हो सांगू."

"भूत कुठलं? माझ्या ओळखीचा शिंपी. शिवलेले कपडे पोचवायला सायकलवर निघाला होता. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी मागून बायकोची हाक आली, 'अहो, तुमचा मफलर राहिला की!'"

"बायको म्हटल्यावर पाठलाग करणारच," थोरला पुतण्या हसला.

"तिला जाऊन महिना झाला होता रे. तोच मफलर तिच्या गळ्यात गुंडाळून यानं तिला निरोप दिला होता."

हसू विझलं.

"तिकडे एक असते. ना बाई, ना पाखरू. तिला स्वतःचा आवाजच नाही. गेलेल्यांचे उसने घेते. एकदाच हाक मारते. ओ दिली नाही, की जाते. शिंप्याला ठाऊक होतं. तो गप्प राहिला. घरी आला... रात्रभर रडला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेला. पोचवायला कपडे नव्हते."

"मग?"

"मग... ओ दिली."

"मेला?"

"छे! मशीन चालवतो अजून. फक्त बोलत नाही कुणाशी. आवाज जपून ठेवतो. तिच्यासाठी." अप्पांनी गळ्याशी हात नेला. "आणि गळ्यात तो मफलर असतो."



मनीच्या आईला मागचं दार आठवलं. मनी गप्प झाली त्या सकाळी ते उघडं होतं. पोरीचे पाय चिखलानं भरलेले. कडी आपणच विसरलो, असं समजून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मने... तुला कुणी हाक मारली होती?"

मनी उठली. अंधारात आत गेली. परत आली.

आईच्या हातात काहीतरी मऊ ठेवलं. लोकर. ओलसर.

कानटोपी. एक कान लांब, एक आखूड. तिनं आयुष्यात विणलेली एकुलती एक. शेवटचा निरोप देताना दादाच्या डोक्यावरून तिला ती काढवली नव्हती. त्याच्यासोबत तशीच जाऊ दिली होती.

"ही... कुठून..."

मनीनं दोन्ही हातांनी टोपी आईच्या डोक्यावर ओढली. कान नीट झाकले. आणि इतक्या महिन्यांनी बोलली,

"दादा म्हणाला, आईला घाल. तिलाच जास्त थंडी वाजते."