रिकाम्या खुर्चीचं वजन

सोमवारी सकाळी सोनोदाबाईंनी मशीन चालू केलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि पडद्यावर आकडा होता त्रेचाळीस किलो.

"सेन्सर गेला," हिरानुमा म्हणाला. तीन आठवडे तो धड झोपला नव्हता. काही बिघडलं की त्याला आता रागसुद्धा येत नसे, नुसता कंटाळा येई.

हानेदाच्या कालव्याकाठी एका जुन्या गोदामात, तिसऱ्या मजल्यावर, त्याची सहा माणसांची तुकडी गेम सेंटरची मशीनं बनवायची. हा विमानाचा खेळ होता. लोखंडी कड्यात टांगलेली खुर्ची खेळणाऱ्यासकट डावी-उजवी कलायची. मोटरने किती जोर लावायचा ते बसणाऱ्याच्या वजनावरून ठरे, म्हणून खुर्चीखाली चार सेन्सर होते. वजन चुकलं तर मानेला हिसका बसणार. गुरुवारी तीनला ट्रक यायचा होता. मशीन प्रदर्शनाला पोचलं नाही तर तुकडी मोडायची, असं संचालकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

कुगा तुकडीतला सर्वांत जुना फिटर. एकोणसाठ वर्षांचा, तोंडाने फटकळ. त्याने चारही सेन्सर बदलले, वायरी बदलल्या. त्रेचाळीस. वीस किलोचं वाळूचं पोतं ठेवलं. त्रेसष्ट. पोतं काढलं. त्रेचाळीस.

"साहेब, काटा बरोबर आहे," कुगा म्हणाला. "तुमचं नशीब तेवढं खराब आहे."

मंगळवारी त्यांनी रिकामी खुर्ची दिवसभर फिरवून बघितली. बुधवारी दुपारी हिरानुमा थंडगार भाताचा डबा उघडून बसला होता, तेव्हा सोनोदाबाई खुर्चीवरच्या वजनाच्या आलेखाची गुंडाळी घेऊन आल्या. मोटर चालवणारा प्रोग्राम त्यांचा. उगाच काही बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"वळण आलं की वाळूचं पोतं मागाहून सरकतं," त्या म्हणाल्या. "नवखा माणूसही मागाहूनच सावरतो. काल सकाळी हे त्रेचाळीस किलोही मागाहून सावरत होतं."

"आणि आता?"

"आता वळणाच्या आधीच कलतंय. रस्ता पाठ झालाय."

हिरानुमाने डबा झाकला. भीती वाटायला हवी होती तेवढी त्याला वाटली नाही. अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

गुरुवारी बारा वाजता त्याने हात टेकले. "हा आकडाच शून्य धरा. त्रेचाळीस वजा करून टाका. बसणाऱ्याचं वजन बरोबर दिसलं म्हणजे झालं."

"वाण्याने काटा मारावा तसं झालं हे," कुगा पुटपुटला.

"मग तुम्ही सांगा, काय करू?"

कुगाने हातातला पाना पेटीत टाकला.

सोनोदाबाईंनी कळा दाबल्या. पडद्यावर शून्य आलं. हिरानुमा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. रेक्झीन किंचित कोमट लागलं. मोटर तापली असावी.

"झालं ना फिरून?" तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. थट्टाच होती ती. "उतरा आता. आम्हालाही घरदार आहे."

कुगा हसला. सोनोदाबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या.

उणे त्रेचाळीस.

शून्य धरलेलं ओझं खुर्चीवरून उतरलं होतं.

खाली कालव्यातून एक मोटरबोट गेली. मग सोनोदाबाईंनी ती वजाबाकी काढून टाकली. आता रिकाम्या खुर्चीचं वजन खरोखरच शून्य दिसत होतं.

अखेरची चाचणी माणूस बसवून करायची, असा नियम होता. हिरानुमा चढून बसला. त्याचं वजन बासष्ट.

पडद्यावर एकशे पाच.

पट्टा अडकेना. शंभराच्या वर आकडा गेला की मशीन समजायचं, दोन पोरं एकदम चढली आहेत. कानाजवळच्या स्पीकरमधून रेकॉर्ड केलेला गोड बायकी आवाज आला, "कृपया एका वेळी एकानेच बसावे."

तो उतरला. शून्य.

पुन्हा बसला.

"कृपया एका वेळी एकानेच बसावे."

मग कुगा बसला. एकाहत्तर. त्याचं वजन तेवढंच होतं. खुर्ची अलगद डावीकडे गेली, अलगद उजवीकडे. एकही हिसका नाही.

"मशीनमध्ये काही खोट नाही," उतरताना कुगा म्हणाला. हिरानुमाकडे त्याने बघितलं नाही.

हिरानुमाने तपासणीचा कागद ओढला, बसणाऱ्याच्या रकान्यात कुगाचं नाव लिहिलं आणि खाली आपला शिक्का मारला. तुकडी वाचली होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पाय मात्र उचलवत नव्हते. तीन आठवड्यांचा थकवा आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

चारला ट्रक फाटकाबाहेर पडलेला खिडकीतून दिसला. सोनोदाबाई केव्हाच जिन्याने निघून गेल्या होत्या. हिरानुमा आणि कुगा लिफ्टपाशी आले. वीस वर्षं दोघं बरोबरच खाली उतरत आणि स्टेशनासमोर उभ्या उभ्या एकेक बिअर घेत. हिरानुमा आत शिरला. कुगा दारातच थांबला.

"या ना. जागा आहे." नुकतंच अख्खं मशीन त्या लिफ्टमधून खाली गेलं होतं.

"असू दे साहेब. तुम्ही व्हा पुढे."

दार सरकू लागलं, तसा कुगा कमरेत वाकला आणि त्याने हिरानुमाला निरोपाचा नमस्कार केला. मग जरासा डावीकडे वळून, तितकाच वाकून, आणखी एकदा.