दोन घरी दिलेला शब्द

पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायचा छिंगमिंगचा सण जवळ आला की चीनच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या गुलांगयू बेटावरच्या घरांना घाम फुटतो. भिंतींवरून पाणी ओघळतं, फरशीवर पाय घसरतो, मोजे आठवडाभर वाळत नाहीत, आणि समुद्रावरून धुकं गल्लीत शिरलं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. अशाच एका सकाळी लानइंग आणि तिचा नवरा थ्येनफू भाड्याची खोली बघायला निघाले.

दोघांचा जन्म याच बेटावरचा. थ्येनफूनं उभं आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनाशी काढलं होतं. आता राहत्या घराचं छप्पर बसायला आलं होतं आणि मालकानं सगळ्या भाडेकरूंना हात जोडून बाहेर काढलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा याओहुई दूर उत्तरेला, शेनयांगला नोकरीला. त्यानं फोनवर साफ सांगितलं होतं, "सणाला येतोय. तोवर धड घर मिळालं तर ठीक. नाहीतर मी तुम्हा दोघांना घेऊनच परत जाणार."

पोराची माया खोटी नव्हती. पण लानइंगनं तिथला एक हिवाळा काढला होता. एकोणिसावा मजला, खिडक्या बंद, बाहेर बर्फ, आणि शेजारणीची बोली कळायची नाही. परत आल्यावर बेटाच्या धक्क्यावर उतरताच ती चक्क रडली होती. पुन्हा तिथे जायचं नाव निघालं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

"मला तिथे नेलं तर पहिल्याच थंडीत माझी सुकट होईल," थ्येनफू म्हणायचा.

"तुझी कसली सुकट होतेय, म्हातारबा? सुकटीला निदान वास तरी बरा असतो."

पहिली खोली टेकडीच्या उतारावर, लाल विटांच्या जुन्या घरात, अगदी वरच्या मजल्यावर होती. मालक परदेशात, किल्ल्या राखणदार लियाओकडे. जिना अरुंद आणि ओला. मधल्या वळणावर एक झरोका होता, आणि लानइंगनं त्यातून सहज बाहेर पाहिलं, तर धुकं क्षणभर फाटलं आणि खाली समुद्र दिसला. झालं, बाई तिथेच विरघळली.

"इतकी चांगली जागा रिकामी कशी, लियाओभाऊ?"

"लोकांना समुद्र हवा असतो, वहिनी. जिने नको असतात."

रिकाम्या घरात कुणीच नसतं, असं त्या बेटावर शेंबडं पोरही म्हणणार नाही. म्हणून परक्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायची आणि आत जे कोणी असेल त्याला सांगायचं. त्याचीही रीत आहे. एका रात्रीचा पाहुणा म्हणतो, त्रास देतोय, उद्या जातो. नुसती जागा बघायला आलेला म्हणतो, बघून जातो. आणि कायमचा राहायला येणारा आपलं नाव, गाव, घरात माणसं किती ते सांगून म्हणतो की आजपासून हे आमचं घर, आमचं सगळं सांभाळून घ्या. हे शेवटचं बोलणं घर ठरल्यावरच बोलायचं असतं.

लानइंगच्या डोळ्यांपुढे अजून तो समुद्र होता. तिनं टकटक केली आणि सगळं बोलून टाकलं. मी अमुक, हा माझा नवरा, मुलगा याओहुई शेनयांगला असतो, सणाला येईल. आजपासून हे आमचं घर. आमचं सगळं सांभाळून घ्या.

"अगं, अजून आत पाऊल टाकलं नाहीस," थ्येनफू मागून धापा टाकत कुजबुजला.

"सांगून ठेवलेलं बरं. शब्दाला काय भाडं पडतं?"

लियाओनं खांदा लावायला अंग पुढे केलं. दमट हवेत ते दार फुगायचं, दोन माणसं लागायची उघडायला. त्याचा खांदा टेकायच्या आतच दार हळूच आत गेलं. आत कुणी नव्हतं. नुकत्याच उतरवलेल्या गरम भाताचा वास मात्र येत होता.

"खालच्यांचा असेल…" लियाओ म्हणाला. खाली कुणी राहत नाही हे त्याला थोड्या वेळानं आठवलं असावं, कारण मग तो घाईघाईनं खिडक्या उघडायला लागला.

खोली लानइंगला फार आवडली. पण उतरताना थ्येनफूचा गुडघा मधल्या वळणावर असा अडला की तो झरोक्याखाली बसूनच राहिला. "भाजी आणायला मला इथून खाली धाडशील, आणि मी वर पोचेपर्यंत पुढचा सण येईल," तो म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. लानइंगनं एकदा वर पाहिलं. परत जाऊन दाराशी सांगायला हवं होतं, की आम्ही येत नाही, माफ करा. पण नवरा कण्हत होता, जिना निसरडा होता. नंतर सांगू, असं म्हणून तिनं त्याच्या काखेत हात घातला.

दुसरी खोली श्यू मावशींच्या घरात, तळमजल्यावर. समुद्र दिसत नव्हता, पण अंगणात झाड होतं, स्वतंत्र स्वयंपाकघर होतं, आणि धुक्यात बोटींचे भोंगे स्वच्छ ऐकू यायचे. थ्येनफू डोळे मिटून सांगायचा की हा भोंगा कुठल्या बोटीचा. खोली ठरली. लानइंगनं पुन्हा सगळं रीतसर सांगितलं, स्वयंपाकघरात ठेंगण्या स्टुलावर भात, डुकराचं मांस आणि उदबत्ती ठेवून घरच्या जुन्या, न दिसणाऱ्या धन्याला जेवू घातलं. हातगाडीवाल्यानं सामान आणून टाकलं आणि दोघं असे रमले, जणू नवीन लग्न झालंय. सकाळी रताळ्याची पेज, दुपारी शेंगदाण्याचं गोड सूप, संध्याकाळी दारात चहा. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला "या, चहा घ्या" म्हटल्याशिवाय थ्येनफूला चहा गोड लागत नसे. लानइंगला वाटायचं, म्हातारपण असंच असावं, आणखी काही मागणं नाही.

मग एके दिवशी मासळीबाजारात लियाओ भेटला.

"वहिनी, मालकाशी परस्पर बोलून जागा घेतलीत ते चांगलं केलंत, पण मला एक शब्द सांगायचात ना."

"कुठली जागा?"

"थट्टा करताय? खिडकीत तुमचं धुणं वाळत असतं. काल दार वाजवलं तर आतून तुम्हीच म्हणालात, 'नंतर या लियाओभाऊ, भात उतरवतेय.'"

लानइंगच्या हातातली पिशवी गळून पडली. शिंपले रस्त्यावर पसरले, ते तिनं गोळाही केले नाहीत.

त्याच दुपारी ती एकटीच टेकडी चढली. हातात झाकलेल्या ताटात मासा आणि भात. दिलेला शब्द परत घ्यायचा तर रिकाम्या हातानं जाऊ नये. धुकं इतकं दाट होतं की जिन्यातला झरोका नुसता पांढरा दिसत होता. पाऊलभर चढावं, थांबावं, कान द्यावा. वरून बोलण्याचा आवाज येत होता. बाईमाणूस हसत होतं, आणि पुरुषाचा आवाज म्हणत होता, "हा भोंगा जुन्या बोटीचा. ओळखला की नाही?"

तो आवाज थ्येनफूचा होता. थ्येनफूला ती घरी, खुर्चीत घोरताना सोडून आली होती.

"पुरे रे म्हातारबा, सूप गार होतंय," बाई म्हणाली. आपलाच आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे लानइंगला जन्मात पहिल्यांदा कळलं. थोडा पातळ, थोडा लाडिक.

तिनं ताट एका हातावर घेतलं. मग दारावर टकटक केली. आतलं बोलणं थांबलं.

"माझी चूक झाली," ती दाराला म्हणाली. "घर ठरलं नव्हतं, आणि मी बोलून बसले. आम्ही… आम्ही येणार नाही. रागावू नका."

भिंतीवरून पाणी ओघळल्याचा आवाज तेवढा. मग दाराच्या अगदी पलीकडून, समजूत घालावी तसा, तोच, तिचा स्वतःचा आवाज आला.

"असू दे हो… आम्ही आलोय ना."

ताट उंबऱ्याशी ठेवून ती कशी खाली आली ते तिला आठवत नाही. थ्येनफूनं सगळं ऐकून घेतलं. ओतता ओतता चहा कपाबाहेर सांडला, पण तो हसत म्हणाला, "मग भांडण कसलं? खोली रिकामी नाही, आणि तुझा शब्दही खोटा नाही. राहू देत बिचाऱ्यांना. आपण सुखात आहोत, तेही सुखात आहेत."

लानइंगला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

सणाच्या दिवशी याओहुई सकाळच्या बोटीनं येणार होता. लानइंगनं आलं घालून मासा उकडला, खोली दोनदा पुसली, अंगणात खुर्ची मांडली. पोरानं एकदा डोळ्यांनी पाहिलं की विषय मिटला, या आनंदात ती गुणगुणत होती. धुक्यामुळे बोटी उशिरा धावताहेत असं गल्लीत कुणीतरी म्हणालं, म्हणून दोघं जरा सावकाशच धक्क्यावर गेले. तिथे थ्येनफूच्या जोडीनं काम केलेला जुना बोटवाला, आपाय, दोर गुंडाळत होता.

"आमचा याओहुई आला का रे?"

आपायनं दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळीच प्यायलास का थ्येनफू? मघाशी तुम्हीच तर त्याला घेऊन गेलात. वहिनी त्याची बॅग ओढत होत्या, तो ओढू देत नव्हता. आणि तू तर काय, पोरासारखा टेकडी चढत होतास. गुडघा बरा झाला वाटतं?"

थ्येनफूनं त्या दिवशी टेकडीवरचा तो जिना दुखऱ्या गुडघ्यासकट चढला. वरचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. सगळ्या बेटावरची घरं घाम गाळत असताना त्या एकाच खोलीच्या भिंती कोरड्या खडखडीत होत्या. टेबलावर तीन वाट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, त्यांच्या कडांवरून अजून पाणी टपकत होतं.

याओहुईचा फोन लागेना. दोघं पुन्हा धक्क्यावर गेले, मग घरी आले, पुन्हा फोन लावला. उकडलेला मासा गार झाला, त्याचा रस थिजला. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे पलीकडे घंटी वाजली. म्हाताऱ्यांचा दोघांत मिळून एकच फोन, तो लानइंगनं कानाला घट्ट दाबून धरला.

"बाळा, कुठे आहेस तू? आम्ही दिवसभर…"

मागे आगगाडीचा खडखडाट ऐकू येत होता. याओहुई मोकळेपणानं हसला. "आई, तू गरम पाणी आणायला गेलीस आणि डबा चुकलीस ना? मला वाटलंच! मागे वळ आणि सरळ चालत ये. बाबा खालच्या बर्थवर केव्हाच झोपलेत."

लानइंगनं समोर पाहिलं. थ्येनफू दिवा लावत होता.

"आणि आई, एक सांगू?" याओहुईनं आवाज खाली आणला. "मी सकाळी येताना भांडायच्या तयारीनं आलो होतो. तुम्ही आपणहून म्हणालात, चल, आम्हाला घेऊन चल. मला इतकं बरं वाटलं… इतक्या वर्षांत तू मला अशी कधी जवळ घेतली नव्हतीस."

"याओहुई, ऐक माझं. ती मी नाही… तू उतर. पुढच्या स्टेशनावर उतर…"

"काय? नीट ऐकू येत नाही गं. अरे, ही काय, आलीसच की… मग हा फोन…?"

तो बोलायचा थांबला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखी खसखस झाली. मग तो पातळ, लाडिक आवाज आला, मुलाला ऐकू जाऊ नये इतका हळू.

"काळजी करू नका. तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळं सांभाळून घ्या म्हणून…"

गाडी बोगद्यात शिरली असावी. फोन तुटला आणि पुन्हा लागला नाही.

थ्येनफू दिव्याजवळून वळला. "लागला का? काय म्हणाला?"

लानइंगनं फोन मांडीवर ठेवला. बाहेर बोटीचा भोंगा वाजला, पण थ्येनफूनं नाव सांगितलं नाही.

"पोचले की कळवतील," ती म्हणाली.

"कोण?"

"आपण."