आकडा परत बोलायचा नाही

एका हाताने टाइप करतेय. चुका पोटात घाला.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याबरोबर घडलंय. समुद्रकाठच्या किलिफी गावाच्या मागच्या टेकडीवर, आमच्या गिरियामा लोकांच्या देवराईत. तेही दिवसाढवळ्या. अंधारात भास झाला असेल म्हणायचीही सोय नाही.

मी आणि माझा मावसभाऊ जेफवा, दोघंही वनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. टेकडीतला चुनखडीचा दगड खाणवाल्यांना हवा होता. देवराई टिकली तर गावाचा किती फायदा आहे, ते हिशोब करून दाखवलं तर खाण अडेल, असं आमच्या मॅडमचं म्हणणं. त्यासाठी आधी झाडं मोजायची.

पद्धत सोपी. एकाने छातीच्या उंचीला फीत गुंडाळून झाडाचा घेर सेंटिमीटरमध्ये ओरडून सांगायचा. दुसऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत बोलायचा आणि मग लिहायचा. परत बोलला नाही, तर तो आकडा धरतच नाहीत. मोजून झालेल्या झाडावर खडूची रेघ.

चार वर्षं हेच केलं होतं. झोपेतसुद्धा आकडा ऐकला की आम्ही परत बोलायचो.

राखणदार त्सुमाबाबांनी आत सोडताना बजावलं, "मोजा बाळांनो. पण तोंडाने नको. इथे मुक्यानेच मोजायचं."

"बाबा, मुक्याने मोजलं तर मॅडम आम्हाला नापास करतील ना!" जेफवाच्या तोंडात महाम्रीचा, आमच्याकडच्या गोड तळलेल्या पावाचा, तोबरा होता.

बाबा हसले नाहीत. मी हसले.

आत शिरलो आणि कामाला लागलो.

"एकशे चाळीस!"

"एकशे चाळीस."

"सिदे, जरा जोरात बोल की. जेवली नाहीस का?"

"तूच खाल्लंस ना सगळं, हावरटा!"

दुपार कलायला लागली आणि एकाएकी रातकिडे थांबले. पानसुद्धा हलेना. जेफवा माझ्या शेजारी बसून पाणी पीत होता.

आणि झाडांमागून आवाज आला...

"एकशे दहा!"

जेफवाचाच आवाज. पण जेफवाच्या तोंडाला तर बाटली लागलेली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सामान तिथेच टाकलं आणि पायवाट धरली.

पायवाट संपेना.

पुढच्या झाडावर खडूची रेघ. त्याच्या पुढच्यावरही. जिथे आम्ही गेलोच नव्हतो, तिथेही प्रत्येक झाडावर रेघ.

"जेफवा, तू इकडे आला होतास?"

"नाही गं... खडू तर माझ्या खिशात आहे."

त्याने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

आम्ही पळालो. पुन्हा तीच झाडं. पुन्हा त्याच रेघा. माझा जीव घुसमटला. मला वाटलं भीतीने...

मग कळलं, छातीभोवती काहीतरी आवळलं जातंय. गार. फितीच्या रुंदीचं.

अगदी कानाशी आवाज आला.

"अठ्ठ्याऐंशी."

आणि मग शांतता. ती शांतता मला ओळखीची होती. समोरच्याने आकडा परत बोलावा म्हणून थांबतात ना, तीच.

शब्द जिभेवर आला होता. मी अंगावर गुंडाळलेल्या लेसोचं टोक तोंडात कोंबलं आणि दात आवळले. खूप वेळाने छाती मोकळी झाली.

जेफवा मात्र ताठ उभा होता. दोन्ही हात छातीवर. आवाज आता त्याच्या कानाशी होता.

"ब्याण्णव."

"जेफवा, बोलू नकोस!" मी ओरडले. पण तोंडातल्या कापडातून नुसतंच गुरगुरल्यासारखं झालं.

"ब्याण्णव," जेफवा म्हणाला. नेहमीसारखा, सवयीने.

मी डोळे मिटले नव्हते. तरी तो कधी गेला ते मला दिसलं नाही. पुढच्या झाडावर रेघ नव्हती, आणि त्यापलीकडे देवराईचं दार होतं.

गावाने, पोलिसांनी टेकडी पालथी घातली. काही सापडलं नाही. त्सुमाबाबांनी मला एकच विचारलं, "तू परत बोलली नाहीस ना, पोरी?"

शिक्षण मी सोडून दिलं. मावशी आजही माझ्याशी बोलत नाही. तिचं चूक नाही.

आता मी नैरोबीत असते. लग्न झालं, दामा झाली. अधूनमधून दुपारी घर शांत असलं की कानाशी "अठ्ठ्याऐंशी" येतं. मी लेसो तोंडात धरते. थोड्या वेळाने जातं. याची मला सवय झाली होती.

दामा आता दोन वर्षांची होईल. नुकतीच बोलायला लागली आहे. ऐकेल ते परत बोलते. शेजारणींना फार कौतुक.

आज दुपारी ती खेळत होती. बाहेरचे आवाज थांबले. मी लेसो हातात घेतला.

पण आकडा माझा नव्हता. लहान होता...

"अठ्ठेचाळीस."

दामाने खेळणं खाली ठेवलं. कोपऱ्याकडे बघितलं, हसली आणि तोंड उघडलं.

माझा दुसरा हात अजून तिच्या तोंडावर आहे. ती रडतेय.

आणि ते अजून वाट बघत थांबलंय.