वरच्या मजल्यावरची निळी गाडी

"मॅडम, अलार्म बंद करून द्या. नाहीतर ही वाटभर बोंबलत जाईल."

गाड्या वाहून नेणाऱ्या दुमजली ट्रेलरच्या फळीवर उभ्या असलेल्या त्या उंच ड्रायव्हरने बजावलं, तेव्हा तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. अलार्म काय बंद करायला असतो? आईच्या शेजाऱ्यांकडून घेतलेली ही निळी गाडी, तिची पहिलीवहिली, इतक्या लांब एकटी जाणार. आणि पहाराच काढून टाकायचा? तिने साधी चावी त्याच्या हातावर ठेवली. रिमोटची पर्समध्ये टाकली.

"स्वतः का नाही नेत चालवत?" पट्ट्यांनी चाकं आवळता आवळता त्याने विचारलं.

"मुलीला गाडी लागते." तिने कडेवरच्या चिमणीला सावरलं. "आणि मला... घाटाची भीती वाटते."

तो हसला. गालावर ग्रीसचा हा एवढा डाग, पण गड्याला पत्ताच नाही! तिने रुमाल पुढे केला, स्वतःच्या गालाला बोट लावून दाखवलं. त्याने नेमका दुसरा गाल पुसला.

नव्या नोकरीच्या गावी पोचून ती खोकी उघडत होती, तेवढ्यात फोन वाजला. चिमणीचे बाबा गेल्याचं असंच एका फोनवर कळलं होतं. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की ती दोन रिंग तशाच जाऊ द्यायची.

"मॅडम, बाळ रडतंय तुमचं."

तिने दचकून पाहिलं. चिमणी रिकाम्या खोक्यात बसून बिस्कीट खात होती. मग फोनमधून आवाज आला... प्यां, प्यां, प्यां!

"अगं बाई! अलार्म?"

"खड्डा आला की सुरू. पंपावरचे सगळे मला चोर समजतायत."

"चावीने दार उघडा, परत लावा. थांबेल."

"वरच्या मजल्यावर आहेत बाईसाहेब. चढतो. ठेवू नका हं फोन..."

तिने ठेवला नाही.

मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. आज फारच रडली. आज तुमची आठवण काढत होती. तीही कधी चिमणीच्या खोड्या सांगायची, कधी नव्या नोकरीतल्या खडूस साहेबांची नक्कल करायची. एके दिवशी मात्र तिचे कान टवकारले.

"आज रडण्याचा आवाज नाही येत?"

"...दमून झोपली असेल."

"कालही आला नव्हता. परवाही."

पलीकडे नुसतं खाकरणं. "बॅटरीची वायर काढली मी. पहिल्याच दिवशी."

"मग रोज फोन कशाला?"

"हेच सांगायला. रोज विसरत होतो!"

ती इतकी हसली की चिमणी खोक्यातून उठून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिने लावला, तर बंद. घाटात दरड कोसळल्याची बातमी ऐकली आणि ती पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत बसली. शेवटी तिने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन लावला.

"गाडी सुखरूप आहे मॅडम," तिथली मुलगी म्हणाली. "रस्ता उघडला. उद्या पोचेल."

"आणि ते?"

"ते कोण?"

"ते... चालवणारे."

"त्यांना ताप भरलाय. डेपोत झोपून आहेत. दुसरे ड्रायव्हर आणतायत गाडी."

गाडी आली. पिकल्या मिशांचे ड्रायव्हर म्हणाले, "ताई, नीट बघून घ्या. ओरखडा, पोचा, काही?"

तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते कसे आहेत, मामा?"

"ताप गेला. पण तोंड एवढंसं झालंय. ही गाडी मीच पोचवणार म्हणून पडल्या पडल्या भांडला माझ्याशी!"

ट्रेलर निघून गेला. आता फोन करायला काही निमित्तच उरलं नव्हतं. करायचा, तर उघड उघड त्याच्याचसाठी. पुन्हा कुणाची वाट बघायची, पुन्हा जीव टांगणीला लावायचा... जमेल? तिने डोळे मिटून नंबर लावला.

"जेवलात का?"

बसलेल्या आवाजात उत्तर आलं, "पेज घेतली. गाडी आली ना? ठीक आहे ना?"

"आहे."

"मग... काम झालं म्हणायचं."

"नाही झालं," ती म्हणाली. "तुम्ही नाही पोचलात."

पलीकडे खाट करकरली, तो उठून बसला होता.

"उद्याच निघतो."

"खबरदार! अंगात ताकद आल्याशिवाय निघायचं नाही. आलात की स्टेशनवर मी घ्यायला येईन. गाडी मी चालवीन... तुम्ही शेजारी बसायचं."

"आणि घाट?"

"स्टेशन ते घर घाट नाहीये हो!"

"मग जरा लांबच्या रस्त्याने ने," तो हळूच म्हणाला. 'न्या' नव्हे, 'ने' म्हणाला होता! ती लाजली.

तुमचंही काही सामान घेऊन कुणी वाटेवर असेल, तर आत्ताच एक फोन करा. सामानाचं मागाहून विचारा. आधी त्याला विचारा, बरा आहेस ना?